घरच्या गॅलरीतून पक्षीगणना: पंधरा मिनिटांची 'पूर्ण यादी' म्हणजे नेमके काय?

दर वर्षी फेब्रुवारीच्या मध्यात, शुक्रवार ते सोमवार असे चार दिवस, जगभरातील हजारो माणसे आपापल्या अंगणात, गॅलरीत, गच्चीवर किंवा जवळच्या बागेत किमान पंधरा मिनिटे थांबतात, दिसलेले आणि ऐकू आलेले पक्षी मोजतात आणि ती यादी 'ई-बर्ड' या संकेतस्थळावर किंवा त्याच्या मोबाइल ॲपवर नोंदवतात. 'ग्रेट बॅकयार्ड बर्ड काउंट' या नावाचा हा उपक्रम कॉर्नेल विद्यापीठाची पक्षी प्रयोगशाळा आणि नॅशनल ऑडुबॉन सोसायटी या दोन अमेरिकी संस्थांनी १९९८ साली सुरू केला. २०१३ पासून तो जगभर होऊ लागला आणि त्याच वर्षापासून भारतातील पक्षीनिरीक्षकही त्यात सहभागी होत आले आहेत. आपल्याकडे त्याचे संयोजन 'बर्ड काउंट इंडिया' हा गट करतो. शुल्क नाही, परीक्षा नाही, दुर्बिणीचीही सक्ती नाही.

नागपूरकरांसाठी ही वेळ फार सोयीची आहे. सकाळी अजून स्वेटर लागतो, दुपारी पंखा लावावासा वाटतो, काटेसावर आणि पळस फुलू लागलेले असतात, हिवाळी पाहुणे पक्षी अजून परतलेले नसतात आणि स्थानिक पक्ष्यांची विणीची लगबग सुरू होत असते. सूर्य पावणेसातच्या आसपास उगवतो. त्यानंतरचा तास-दीड तास मोजणीसाठी सर्वांत चांगला.

तरीही शेजारीपाजारी कोणाला सहभागी व्हायला सांगितले, की बहुधा एकच उत्तर येते: "आमच्याकडे काय आहे? कावळे आणि पारवे! पक्षी पाहायचे तर गोरेवाड्याला जायला हवे." हा समज मनापासूनचा असतो, पण त्यामुळेच या उपक्रमाचा गाभा हातून निसटतो. गोरेवाडा, अंबाझरी, फुटाळा या तलावांवर पक्षीनिरीक्षक वर्षभर जातच असतात आणि तेथील नोंदी नियमित होतात. ज्या वस्त्यांत बहुसंख्य माणसे राहतात, त्या गल्ल्यांतील, फ्लॅट स्कीममधील आणि ले-आउटमधील पक्ष्यांची नोंद मात्र तेथे राहणाऱ्याने केली नाही तर दुसरे कोणीही करणार नाही.

आता मुख्य मुद्द्याकडे येऊ. यादी जमा करण्याआधी ई-बर्ड एक प्रश्न विचारते, ज्याचा आशय असा असतो: तुम्हाला ओळखता आलेल्या सर्व पक्ष्यांची ही पूर्ण यादी आहे का? बहुतेक नवे लोक येथे विचार न करता होय किंवा नाही असे दाबून पुढे जातात. माझ्या मते संपूर्ण गणनेत याहून महत्त्वाचा प्रश्न नाही. 'पूर्ण' याचा अर्थ परिसरातील प्रत्येक पक्षी तुम्हाला दिसलाच पाहिजे असा नाही. तसे कोणालाच शक्य नाही. त्याचा अर्थ एवढाच, की त्या पंधरा मिनिटांत जे जे पक्षी तुम्हाला ओळखता आले, त्यांपैकी एकही तुम्ही 'हा तर रोजचाच' म्हणून गाळलेला नाही.

हे इतके महत्त्वाचे का, ते एका कल्पित उदाहरणाने समजून घेऊ. समजा, एखाद्या वर्षी नागपुरातून शंभर पूर्ण याद्या आल्या आणि त्यांपैकी सत्तर याद्यांत बुलबुल आहे. दहा वर्षांनी पुन्हा शंभर पूर्ण याद्या आल्या आणि बुलबुल फक्त चाळीस याद्यांत आढळला. याद्या पूर्ण आहेत, म्हणजे ज्या साठ याद्यांत बुलबुल नाही तेथे तो त्या वेळी दिसला किंवा ऐकू आला नव्हता, असे धरता येते. सत्तरचे चाळीस झाले, ही शहरातील बुलबुलांविषयीची खरी माहिती झाली. आता हेच उलट करून पाहा. लोकांनी फक्त मन मोहवणारे पक्षीच नोंदवले असते, तर त्या साठ याद्यांत बुलबुल नव्हता की नोंदवणाऱ्याला तो लिहावासा वाटला नाही, हे कोणालाही सांगता आले नसते. नसणे हीसुद्धा माहिती असते, पण ती विश्वासार्ह ठरते ती केवळ असणे प्रामाणिकपणे लिहिले जाते तेव्हाच. अभ्यासक याला नोंदींची वारंवारिता म्हणतात, म्हणजे शंभर पूर्ण याद्यांपैकी किती याद्यांत तो पक्षी आहे, याचे प्रमाण. अशा गणनेत देशातील एकूण बुलबुल मोजण्याचा प्रयत्न कोणी करत नाही. हे प्रमाण वर्षागणिक कसे बदलते, तेवढे पाहिले जाते.

वेळ लिहिण्याचे कारणही यातच आहे. पंधरा मिनिटांत आठ प्रकारचे पक्षी दिसणे आणि तीन तासांत आठ दिसणे या एकाच तोलाच्या गोष्टी नाहीत, म्हणून किती वेळ पाहिले, एका जागी बसून पाहिले की चालत, चालत असल्यास किती अंतर आणि पाहणारे किती जण होते, हे सारे विचारले जाते. पंधरा मिनिटे ही किमान मर्यादा आहे. त्याहून जास्त वेळ बसायला हरकत नाही. मात्र दीड तासाच्या एका लांब यादीपेक्षा पंधरा-पंधरा मिनिटांच्या वेगवेगळ्या वेळच्या याद्या घरच्या गणनेत अधिक उपयोगी पडतात, असे मला वाटते, कारण सकाळी सातचे आणि नऊचे अंगण सारखे नसते.

मोजायचे कसे, हा भाग सर्वांना अवघड वाटतो आणि त्याविषयी थोडे तपशिलात लिहिणे आवश्यक आहे. आमच्या घराची गॅलरी पूर्वेकडे आहे. समोर विजेच्या तारा, शेजाऱ्यांच्या अंगणातला शेवगा, त्यापलीकडे एक जुने जांबाचे झाड (पुण्या-मुंबईकडच्या वाचकांसाठी, जांब म्हणजे पेरू) आणि तिरक्या अंगाला एका इमारतीवरची पाण्याची टाकी दिसते. मागच्या फेब्रुवारीत मी आणि आई तेथे खुर्च्या टाकून बसलो. सात वाजून पाच मिनिटांनी तारेवर दोन साळुंक्या आल्या आणि शेवग्यामागे उडून गेल्या. तीन मिनिटांनी त्याच बाजूने पुन्हा दोन साळुंक्या आल्या. येथे चार लिहिण्याचा मोह होतो, पण त्या त्याच दोन नसतील असे म्हणायला काहीही आधार नाही, म्हणून आकडा दोनच राहिला. मग टाकीच्या कडेवर एकाच वेळी पाच साळुंक्या दिसल्या. आता किमान पाच वेगळ्या साळुंक्या आहेत हे निश्चित झाले आणि दोनचे पाच केले, सात नव्हे.

पोपटांचे मात्र वेगळे. ते पहाटे रात्रथाऱ्यावरून निघाले की थव्याने एकाच दिशेने ओरडत जातात. आधी बारांचा एक थवा उत्तरेकडे गेला, चार मिनिटांनी नऊंचा दुसरा त्याच दिशेने गेला आणि मधल्या वेळात कोणी परत आले नाही. येथे बेरीज योग्य आहे, म्हणून एकवीस लिहिले. शेवग्याच्या फुलांवर एक शिंजीर नर आला, नंतर मादी आली. दोघे एकाच वेळी दिसले नसले तरी रंगावरून ते वेगळे आहेत हे उघड असल्याने संख्या दोन झाली. तांबट तर दिसलाच नाही. आईची नजर आता अधू झाली आहे, पण कान शाबूत आहेत. तिने माझ्या कितीतरी आधी हात वर करून "ऐक, तांबट" म्हटले. ठोके पडावेत तसा तो एकसुरी टुक-टुक-टुक आवाज जांबाच्या पलीकडून येत होता. थोड्या वेळाने दुसऱ्या बाजूने दुसऱ्याने उत्तर दिले, तेव्हा तांबट दोन. ऐकलेला पक्षी हा पाहिलेल्या पक्ष्याइतकाच पूर्ण नोंदीचा अधिकारी असतो, आणि आईसारख्या माणसांचा सहभाग त्यामुळेच मोलाचा ठरतो. 'निरीक्षक' या रकान्यात मी दोन लिहिले.

थोडक्यात, प्रत्येक वेळी स्वतःला एकच विचारावे: हा आधी मोजलेला पक्षी असू शकतो का? असू शकत असेल तर वाढवू नये. ब्रिटनमध्ये १९७९ पासून जानेवारीच्या अखेरीस होणाऱ्या बागेतील पक्षीगणनेत तर एका तासात एकाच वेळी दिसलेली सर्वांत मोठी संख्याच लिहायची, असा सरळ नियम आहे. ई-बर्डवर तेवढे बंधन नाही, वेगळे पक्षी आहेत याची खात्री असल्यास बेरीज करता येते, पण शंका असेल तेव्हा तो ब्रिटिश नियम आधाराला घ्यावा. मोठा थवा असेल, उदाहरणार्थ टाकीवर पारवे दाटीने बसले असतील, तर आधी दहा पक्षी मोजून तेवढ्यांनी किती जागा व्यापली ते पाहावे आणि मग तसे किती गठ्ठे होतील याचा अंदाज घ्यावा. चाळीस हा अंदाजी आकडा 'पुष्कळ' या शब्दापेक्षा केव्हाही उपयोगी. संख्या न लिहिता नुसती फुली करण्याची सोय आहे, पण ती अगदीच इलाज नसेल तेव्हासाठी राखून ठेवावी.

ओळख पटवण्याबाबत नवख्यांना वाटते तेवढी भीती बाळगण्याचे कारण नाही, कारण नागपूरच्या वस्तीत सकाळी भेटणारे नेहमीचे पक्षी वीस-पंचवीसच असतात आणि त्यांतले निम्मे आपल्याला लहानपणापासून माहीत असतात. चुका होतात त्या ठरावीक जागी. कावळा म्हणून सरसकट नोंद करू नये: मान राखाडी असलेला तो गावकावळा आणि संपूर्ण काळा, जाड चोचीचा तो डोमकावळा, दोन्ही शहरात आहेत आणि दोन्ही वेगळे लिहायचे. आमराईत काळा पक्षी दिसला म्हणून लगेच कावळा म्हणू नये, लांब शेपटी, फिकट हिरवट चोच आणि लाल डोळा असेल तर तो कोकीळ नर आहे. त्याची मादी तपकिरी आणि ठिपकेदार असते, म्हणून पुष्कळांना ती वेगळाच पक्षी वाटते. होल्यांतही मानेवर काळ्यावर पांढऱ्या ठिपक्यांची नक्षी असलेला ठिपकेवाला होला आणि लहान चणीचा तपकिरी होला असे दोन प्रकार घराभोवती वावरतात. शिंजीर नराची गोष्ट आणखी मजेची आहे: विणीच्या काळात चमकदार जांभळा-काळा दिसणारा हा पक्षी विणीबाहेरच्या दिवसांत पोटाकडून पिवळा होतो आणि गळ्यापासून छातीवर मधोमध एक काळी पट्टी तेवढी उरते. फेब्रुवारीत काही नर या स्थितीतून बाहेर पडत असतात, त्यामुळे अर्धे पिवळे, अर्धे काळे असे चट्ट्यापट्ट्यांचे रूप दिसते. गोंधळून जाऊ नये. तो शिंजीरच असतो.

हिवाळी पाहुण्यांपैकी थिरथिरा गच्चीच्या कठड्यावर हमखास लक्ष वेधून घेतो, कारण त्याची तांबूस शेपटी सतत थरथरत असते. काटेसावरीला किंवा पळसाला फुले आली असतील तर भोरड्यांचे थवेही दिसू शकतात. सातभाई, दयाळ, लालबुड्या बुलबुल, शिंपी, वटवट्या, खंड्या, भारद्वाज, वेडा राघू आणि कोतवाल एवढी नावे पक्की झाली, की घरची यादी सहज उभी राहते.

ओळख पटलीच नाही तर अंदाजाने एखादे नाव टाकण्यापेक्षा 'होला, प्रकार अनिश्चित' अशा स्वरूपाची नोंद करण्याची सोय वापरावी, किंवा तो पक्षी सोडून द्यावा. पूर्ण यादीची अट ओळखता आलेल्या पक्ष्यांपुरतीच आहे, त्यामुळे न ओळखलेला पक्षी सुटला तर यादी अपूर्ण होत नाही. आवाज ऐकून नाव सुचवणारे 'मर्लिन' हे ॲपही कॉर्नेलच्याच प्रयोगशाळेचे आहे आणि शिकण्यासाठी ते उत्तम आहे. परंतु त्याने सुचवलेले नाव ही केवळ सूचना मानावी. पडद्यावर नाव उमटले, की त्या दिशेला पाहावे, आवाज पुन्हा ऐकावा आणि स्वतःची खात्री झाल्यावरच यादीत घ्यावे. ॲपने ऐकले पण आपण ऐकले नाही, असा पक्षी आपल्या यादीत नसावा.

नोंदवताना ठिकाण नकाशावर निवडावे लागते. घराची जागा 'वैयक्तिक ठिकाण' म्हणून ठेवता येते, पण याद्या सर्वांना दिसतात, म्हणून ठिकाणाच्या नावात प्लॉट क्रमांक किंवा आडनाव घालू नये. वस्तीचे नाव पुरेसे आहे. अंबाझरीसारख्या सार्वजनिक जागी गेल्यास तेथे आधीच अस्तित्वात असलेले सामायिक ठिकाण निवडावे. यादी जमा झाल्यावर एखाद्या नोंदीबद्दल अधिक तपशील मागणारा संदेश आला, तर तो अविश्वास समजू नये. प्रत्येक भागासाठी कोणत्या महिन्यात कोणता पक्षी साधारण किती संख्येने दिसतो याच्या मर्यादा ठरवलेल्या असतात, त्याबाहेरची नोंद वेगळी काढली जाते आणि त्या भागाची माहिती असलेले स्वयंसेवक ती तपासतात. पक्ष्याचे जे वर्णन आठवते ते साध्या शब्दांत कळवावे, फोटो असल्यास जोडावा. चूक झाली असेल तर यादी नंतरही दुरुस्त करता येते.

अशा लक्षावधी याद्यांमधून काय हाती लागते, याचे उत्तर 'स्टेट ऑफ इंडियाज बर्ड्स' या अहवालात मिळते. २०२० च्या पहिल्या अहवालात ८६७ प्रजातींचा विचार झाला. २०२३ च्या अहवालात ही संख्या ९४२ झाली आणि त्यासाठी सुमारे ३० हजार पक्षीनिरीक्षकांच्या ३ कोटी नोंदी वापरल्या गेल्या. ज्या ३३८ प्रजातींचा दीर्घकालीन कल काढता आला, त्यांपैकी २०४ प्रजाती घटल्याचे दिसले. आपल्याकडे दसऱ्याला ज्याचे दर्शन शुभ मानतात आणि ज्यासाठी माणसे शहराबाहेर शेताच्या तारांकडे डोळे लावून जातात, तो नीलकंठ अशा घटणाऱ्या पक्ष्यांपैकी एक आहे. त्याच्या जागतिक स्थितीचे पुनर्मूल्यांकन व्हावे, अशी शिफारस २०२३ च्या अहवालाने केली. वर्षानुवर्षे कोणी दसऱ्याखेरीज इतर दिवशीही त्याला आणि त्याच तारेवरच्या कोतवालाला मोजत होते, म्हणून हे कळले.

चिमणीचे उदाहरण मला याहूनही बोलके वाटते. चिमण्या संपल्या, असे आपण सर्व जण वर्षानुवर्षे ऐकत आलो. २०२० च्या अहवालात मात्र देशभराचा एकत्रित विचार करता सुमारे पंचवीस वर्षांत चिमणी साधारण स्थिर असल्याचे आणि घट मोठ्या महानगरांत झाल्याचे दिसून आले. म्हणजे लोकांचे निरीक्षण चुकीचे नव्हते, पण ते त्यांच्या शहरापुरते खरे होते. तुमच्या गल्लीत चिमण्या आहेत की नाहीत, हे मात्र मुंबईच्या किंवा बंगळुरूच्या आकड्यांवरून ठरणार नाही. धरमपेठेतील जुन्या घरात, मानेवाड्याच्या नव्या ले-आउटमध्ये आणि महालातल्या दाट वस्तीत ते वेगवेगळे असू शकते.

गणनेसाठी पक्ष्यांना मुद्दाम दाणे टाकून बोलवण्याची गरज नाही. मोबाइलवर आवाज वाजवून त्यांना समोर आणणे तर टाळावेच. विणीच्या तोंडावर त्यांची ताकद त्यात वाया जाते. पाण्याचे उथळ परळ ठेवत असाल तर ते अवश्य ठेवा, नागपूरच्या उन्हाळ्यात त्याची फार गरज असते, फक्त पाणी रोज बदला आणि परळ घासून घ्या.

फेब्रुवारी निघून गेला तरी थांबण्याचे कारण नाही. ई-बर्डवर वर्षातील कोणत्याही दिवसाची यादी चालते. महाराष्ट्रात ५ ते १२ नोव्हेंबर हा पक्षी सप्ताह म्हणून साजरा होतो; ५ नोव्हेंबर ही अरण्यऋषी मारुती चितमपल्ली यांची, तर १२ नोव्हेंबर ही डॉ. सालीम अली यांची जयंती. नोव्हेंबरात आणि फेब्रुवारीत त्याच गॅलरीतून, त्याच वेळी एकेक आठवडा बसले, तर पाहुणे पक्षी कधी येतात आणि कधी जातात याची घरची नोंदवही आपोआप तयार होते. जुन्या वह्यांतील नोंदीही त्या त्या तारखेने चढवता येतात.

माझ्याकडे अशी एक वही आहे, २००९ ते २०१२ या काळातली. ती गेल्या वर्षी काढून मी याद्या भरायला बसले. तारखा आहेत, काही ठिकाणी वेळही आहे. 'धनेश, दोन, समोरच्या पिंपळावर', 'हळद्या, नर', 'शिक्रा, होल्यावर झडप' अशा नोंदी आहेत. कावळा एकाही पानावर नाही, साळुंकी नाही, पारवा नाही, चिमणीही नाही. त्यामुळे यादी पूर्ण आहे का, या प्रश्नापुढे मला प्रत्येक वेळी 'नाही' लिहावे लागले. धनेश त्या दिवशी पिंपळावर होता, एवढे आता कायम नोंदले गेले आहे. त्या चार वर्षांत आमच्या गल्लीत चिमण्या होत्या का, हे त्या वहीतून कळत नाही.